स्टिअरिंगचा सर्वो मोठा करण्याआधी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय: रेडिओ-नियंत्रित ट्रकच्या स्टिअरिंगविषयी आपल्या पुरवणीत आलेला सल्ला

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत रेडिओ-नियंत्रित ट्रकच्या छंदावर आलेला लेख मी दोनदा वाचला. या छंदाला मराठी वृत्तपत्रात अर्धे पान मिळाले याचा मला मनापासून आनंद झाला, कारण गेली 6 वर्षे मी माझ्या नातवाबरोबर हाच छंद करतो आहे आणि त्याविषयी मराठीत वाचायला जवळजवळ काहीच मिळत नाही. लेखातील बॅटरीविषयीची आणि टायरविषयीची माहिती नेमकी होती. एका परिच्छेदाबद्दल मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. स्टिअरिंग कमजोर वाटत असेल तर 35 किलोचा मेटल गिअरचा सर्वो, म्हणजे चाके वळवणारी छोटी गिअरची मोटर, आणून बसवावा, चार स्क्रू काढून चार स्क्रू लावायचे, बाकी काहीही बदलावे लागत नाही, अशा आशयाचा सल्ला त्यात आहे. हा सल्ला अपुरा आहे. तो जसाच्या तसा पाळला तर काय होते, हे मी स्वतः पैसे आणि एक रिसीव्हर (रिमोटचे संदेश घेणारा ट्रकमधला भाग) गमावून शिकलो आहे, म्हणून हे पत्र.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर व्यवसायाचा शिल्प निदेशक होतो. यंत्राचा एखादा भाग जोर लावत नसेल, तर तो भाग बदलण्याआधी त्याचा जोर कुठे मुरतो आहे ते शोधायचे, असे मी विद्यार्थ्यांना 31 वर्षे शिकवले, आणि नातवाच्या ट्रकपाशी आल्यावर नेमके तेच विसरलो. ट्रक खऱ्याच्या एक-दशांश मापाचा, खडकांवर सावकाश चढणारा, म्हणजे ज्याला हे लोक क्रॉलर म्हणतात त्या जातीचा आहे. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीच्या बाजूला काळ्या दगडांत तो चालवायला आम्ही जातो. नातवाने त्याला मोठे टायर बसवले, पुढच्या चाकांत पितळी वजने घातली, आणि त्यानंतर दोन दगडांच्या बेचक्यात चाक अडकले की ट्रक वळेनासा झाला. सर्वो नुसता कण्हायचा आणि चाके जागेवर राहायची. एका दुकानदाराने 35 किलोचा सर्वो दिला, आम्ही तो त्याच दिवशी बसवला आणि पुढच्या रविवारी टेकडीवर गेलो.

घरच्या फरशीवर तो सर्वो उत्तम चालला होता. टेकडीवर पहिल्याच अवघड जागी नातवाने स्टिअरिंग पूर्ण डावीकडे दाबून धरले आणि त्याच वेळी थ्रॉटल, म्हणजे वेग, दिला, तोच रिसीव्हरवरचा दिवा विझला, ट्रक दोन-तीन सेकंद कोणाचाच राहिला नाही आणि पुरुषभर उंचीच्या दगडावरून उलटा खाली आला. असे त्या सकाळी तीनदा झाले. चौथ्या वेळी रिसीव्हरचा दिवा पुन्हा लागलाच नाही. सर्वोला हात लावला तर त्यावर बोट ठेवता येत नव्हते, इतका तो तापला होता. आणि मुख्य तक्रार, म्हणजे बेचक्यात चाक न वळण्याची, ती होती तशीच होती.

घरी आल्यावर मी ट्रक एका लाकडी ठोकळ्यावर ठेवला, पुढची चाके अधांतरी केली, आणि जे आधी करायला हवे होते ते केले. सर्वोचा आर्म, म्हणजे त्याच्या फिरत्या दांड्यावर (शाफ्टवर) बसणारी आडवी पट्टी, काढून घेतला आणि दोन बोटांनी चाक धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिले. निरोगी स्टिअरिंगमध्ये चाक दोन्ही टोकांपर्यंत सहज, कुठेही न अडखळता फिरायला हवे. आमचे चाक मध्यभागी ठीक होते, पण डावीकडे शेवटच्या टप्प्यात जड होत होते, कारण नवे मोठे टायर मागच्या बाजूने सस्पेन्शनच्या खालच्या लिंकला, म्हणजे ॲक्सल धरून ठेवणाऱ्या दांड्याला, टेकत होते. म्हणजे स्टिअरिंग पूर्ण दाबले की सर्वो रबर दाबत बसायचा. तिथे 35 किलोचा काय आणि 50 किलोचा काय, कोणताही सर्वो चाक आणखी वळवू शकला नसता. तो फक्त जास्त जोराने दाबत राहिला असता आणि जास्त तापला असता.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नव्हती, ती मोबाइलने दाखवली. ट्रक गालिच्यावर ठेवून नातवाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे केले आणि मी पुढच्या बाजूचे मंद गतीचे चित्रीकरण केले. चित्रीकरणात स्पष्ट दिसले, की चाके हलण्याआधी सर्वोच स्वतः आपल्या प्लॅस्टिकच्या बैठकीसकट मुरडत होता. बैठक मुरडली, मग सर्वोपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे ड्रॅग लिंकच्या, टोकाचा घासलेला बॉल जॉइंट आपला प्ले (ढिलेपणा) संपवत होता, मग दोन्ही चाकांना जोडणारा बारीक टाय रॉड किंचित वाकत होता, आणि एवढे सगळे झाल्यावर उरलेली हालचाल चाकापर्यंत पोचत होती. नवा सर्वो जुन्यापेक्षा ताकदवान होता हे खरेच, पण ती जास्तीची ताकद बैठक मुरडण्यात खर्च होत होती. आपल्या लेखकांनी या बैठकीचा एका शब्दाने उल्लेख केला असता, तरी अनेकांचे पैसे वाचले असते.

आता त्या ‘किलो’विषयी, कारण सगळा गोंधळ या एका शब्दातून सुरू होतो. सर्वोवर लिहिलेले किलो म्हणजे किलोग्रॅम-सेंटिमीटर. शाफ्टच्या केंद्रापासून 1 सेंटिमीटर अंतरावर तो किती किलो वजन जेमतेम तोलून धरू शकतो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. आर्म जितका लांब, तितका त्याच्या टोकाला मिळणारा जोर कमी. 15 किलोच्या सर्वोला अडीच सेंटिमीटरचा आर्म लावला तर लिंकवर 6 किलोचा जोर येतो. तोच आर्म दीड सेंटिमीटरचा केला तर 10 किलोचा येतो. अर्थात आर्म आखूड केला की चाकाची वळण्याची मर्यादाही कमी होते, म्हणून तो मनाला येईल तेवढा आखूड करता येत नाही. तरीही, ज्यांच्या ट्रकचे स्टिअरिंग शेवटपर्यंत जाऊन वर सर्वोची हालचाल शिल्लक राहते, त्यांनी आर्मवरचे आतले भोक वापरून पाहावे. हा बदल फुकट आहे आणि त्याने जवळजवळ नवा सर्वो घेतल्याइतका फरक पडू शकतो. शाफ्टवर आर्म बसवताना मध्य स्थितीत तो लिंकशी काटकोनात राहील हेही पाहावे, नाहीतर एका बाजूला ट्रक जास्त वळतो आणि दुसऱ्या बाजूला कमी.

शिवाय तो आकडा कोणत्या व्होल्टेजचा, हे विचारल्याशिवाय त्याला काहीच अर्थ नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सगळीकडे दिसणारा, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारा एमजी996आर हा सर्वो घ्या. त्याच्या माहितीपत्रकात 4.8 व्होल्टला 9.4 किलो आणि 6 व्होल्टला 11 किलो असे दोन आकडे दिलेले असतात, आणि आर्म अडवून धरला असता 6 व्होल्टला तो अडीच अँपिअर विद्युतप्रवाह घेतो असेही लिहिलेले असते. ही प्रामाणिक माहिती आहे. ‘35 किलो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक सर्वोंचा हा आकडा 7.4 व्होल्ट किंवा त्याहून जास्त व्होल्टेजचा असतो. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ट्रकच्या स्पीड कंट्रोलरमधून, म्हणजे ईएससीमधून, सर्वोला मिळणारे व्होल्टेज बहुधा 6 असते. म्हणजे खोक्यावरचा आकडा त्या ट्रकमध्ये कधीच मिळणार नसतो.

मी आमच्या सर्वोची परीक्षा घेतली. प्रवासाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटा, व्हाइसमध्ये पकडलेला सर्वो आणि बरोबर 2 सेंटिमीटरचा आर्म, एवढ्या साहित्यात ही मोजणी घरी करता येते. काट्यावर येणाऱ्या आकड्याला 2 ने गुणले की किलो-सेंटिमीटर मिळतात. टेबलावरच्या वीजपुरवठ्यातून 7.4 व्होल्ट दिले तेव्हा तो 23 किलोच्या आसपास पोचला. ट्रकच्या ईएससीमधून चालवला तेव्हा 14 किलोच्या वर गेला नाही, आणि त्याच क्षणी मीटरवर व्होल्टेज 6 वरून साडेचारच्याही खाली आलेले दिसले. टेकडीवर रिसीव्हर पुन्हा पुन्हा का बंद पडत होता, याचे उत्तर त्या मीटरच्या काट्यात होते.

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. ईएससीच्या आत एक छोटा भाग असतो, ज्याला बीईसी म्हणतात. मुख्य बॅटरीचे व्होल्टेज उतरवून तो रिसीव्हरला आणि रिसीव्हरमार्फत सर्वोला वीज पुरवतो. साध्या ट्रकच्या ईएससीमध्ये ही बीईसी बहुधा 2 ते 3 अँपिअरची असते, कारण ती ट्रकबरोबर आलेल्या साध्या सर्वोचा विचार करून ठेवलेली असते. मोठा सर्वो चाक अडकल्यावर याहून जास्त प्रवाह मागतो, बीईसी तो देऊ शकत नाही, व्होल्टेज कोसळते, आणि त्याच तारेवर जगणारा रिसीव्हर बंद पडतो. बऱ्याच रिसीव्हरची खालची मर्यादा साडेतीन ते चार व्होल्टच्या आसपास असते. व्होल्टेज पुन्हा वर आले तरी रिसीव्हरला रिमोटशी संपर्क जोडायला वेळ लागतो, आणि ट्रक दगडावर असताना तेवढा वेळ पुष्कळ झाला. लोक याला रेंज गेली किंवा रिमोट खराब झाला असे समजतात आणि नवा रिमोट घेतात. मूळ कारण सर्वोच्या भुकेत असते.

दुकानात उभ्या उभ्या खोक्याची परीक्षा घेण्याची एक युक्ती आहे. ब्रश असलेल्या साध्या मोटरचा सर्वो जास्तीत जास्त जोर लावताना किमान किती प्रवाह घेणार, हे त्याच्या जोरावरून आणि वेगावरून काढता येते. 35 किलो-सेंटिमीटर म्हणजे सुमारे 3.4 न्यूटन-मीटर. 60 अंश वळायला 0.13 सेकंद लागतात असे लिहिले असेल, तर तो वेग सेकंदाला सुमारे 8 रेडियन होतो. या दोहोंचा गुणाकार सुमारे 27 वॅट, आणि त्याला 7.4 व्होल्टने भागले की साडेतीन अँपिअरहून जास्त प्रवाह येतो. गिअरमधील घर्षण धरले तर प्रत्यक्षात याहून जास्तच लागणार. मग ज्या खोक्यावर 35 किलो, 0.13 सेकंद आणि 2 अँपिअर असे तिन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले आहेत, त्यातला एक तरी आकडा खोटा आहे, हे कोणत्याही मापाशिवाय कळते. वर सांगितलेल्या एमजी996आरला हाच हिशेब लावला तर किमान सव्वा ते दीड अँपिअर येतो आणि माहितीपत्रक अडीच सांगते, म्हणजे ते आकडे एकमेकांशी जुळतात. अकरावी-बारावीच्या पदार्थविज्ञानात बसणारा हा हिशेब आहे, आणि माझ्या नातवाने तो माझ्याआधी केला, हे इथे नमूद करताना मला अभिमान वाटतो.

तेव्हा मोठा सर्वो घ्यायचाच असेल तर त्याच्या बरोबरीने वेगळी बीईसी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती मुख्य बॅटरीला जोडायची आणि तिची लाल आणि काळी तार थेट सर्वोला द्यायची. रिसीव्हरकडून सर्वोला फक्त संदेशाची तार आणि काळी तार जाऊ द्यायची, मधली लाल तार काढून तिच्या टोकाला इन्सुलेशन करायचे. रिसीव्हर पूर्वीप्रमाणेच ईएससीच्या छोट्या बीईसीवर राहतो आणि सर्वोच्या झटक्यांपासून सुटतो. येथे एक चूक हमखास होते. लोक लाल तारेबरोबर काळीही तोडतात. काळी तार सामाईक राहिली नाही तर संदेशाला संदर्भच उरत नाही आणि सर्वो वेड्यासारखा थरथरतो. रिसीव्हरच्या मोकळ्या जागेत कपॅसिटर लावण्याचा उपायही प्रचलित आहे. तो क्षणभराच्या झटक्याला उपयोगी पडतो, पण दगडात अडकलेले चाक सर्वोला चार-पाच सेकंद खेचत ठेवते आणि तेवढा वेळ कपॅसिटर पुरत नाही. म्हणून तो बीईसीला पर्याय नाही.

वेगळी बीईसी घेताना तिचे व्होल्टेज सर्वोला सोसणारे आहे ना, हे तपासावे. काही बीईसींचे व्होल्टेज बदलता येते आणि त्या खोक्यातून निघतात तेव्हा कमी व्होल्टेजवर लावलेल्या असतात. उदाहरणार्थ कॅसल कंपनीची 10 अँपिअरची बीईसी मुळात 5.1 व्होल्टवर असते, आणि ती तशीच लावली तर नवा सर्वो जुन्यापेक्षा दुबळा वाटण्याची शक्यता आहे. उलट दिशेची चूक जास्त महाग पडते. दोन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पूर्ण भरली की 8.4 व्होल्ट देते, आणि 6 किंवा 7.2 व्होल्टपर्यंतचा सर्वो त्या बॅटरीला थेट जोडला तर तो जळू शकतो. थेट जोडणी ज्यांच्यावर स्पष्टपणे 8.4 व्होल्ट लिहिले आहे अशाच सर्वोंना करावी.

सर्वो बसवल्यावर रिमोटवरची एक मांडणी करायलाच हवी, आणि लेखात तिचा उल्लेख नाही याचे मला नवल वाटले. रिमोटच्या हुकमानुसार रिसीव्हर सर्वोला सहसा दर 20 मिलिसेकंदांनी एक संदेश पाठवतो, त्याची लांबी दीड मिलिसेकंद असली तर आर्म मध्यावर राहतो, आणि ती 1 किंवा 2 मिलिसेकंदांकडे सरकली की आर्म एका किंवा दुसऱ्या टोकाकडे जातो. चाक मात्र त्याच्या आधीच एखाद्या अडसराला लागलेले असू शकते. सर्वोला हे कळत नाही. त्याला सांगितलेल्या कोनापर्यंत जाण्यासाठी तो पूर्ण जोराने ढकलत राहतो, आणि तो जोर गिअरच्या दात्यांवर, मोटरच्या वेटोळ्यांवर आणि बीईसीवर पडतो. बऱ्याच रिमोटवर दोन्ही बाजूंची टोके वेगवेगळी ठरवता येतात. ट्रक ठोकळ्यावर ठेवून, चाक अडसराला टेकण्याच्या केसभर आधी थांबेल अशी ती टोके लावावीत. सर्वोचा टोकावरचा गुणगुणाट थांबला की ती बरोबर लागली असे समजावे. साध्या रिमोटवर स्टिअरिंगसाठी एकच चकती असते, तिनेही काम भागते. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या ट्रकमध्ये आणखी एक मर्यादा सांभाळावी लागते. पुढच्या चाकापर्यंत शक्ती नेणारा युनिव्हर्सल जॉइंट ठरावीक कोनापुढे अडकतो, आणि त्या अवस्थेत थ्रॉटल दिला तर तो तुटतो. ताकदवान सर्वो चाकाला त्या कोनापर्यंत सहज नेतो. दुबळ्या सर्वोने आजवर ज्या भागांना नकळत सांभाळले, ते भाग मोठा सर्वो आल्यावर उघडे पडतात.

जोडकामातील काही बारीकसारीक गोष्टी थोडक्यात सांगतो. सर्वोच्या शाफ्टवरच्या दात्यांची संख्या कंपनीनुसार बदलते. फुताबा पद्धतीच्या शाफ्टला 25, हायटेकच्या अनेक शाफ्टला 24 आणि जेआर पद्धतीच्या शाफ्टला 23 दाते असतात. 24 दात्यांचा आर्म 25 च्या शाफ्टवर जोराने ठोकून बसवलेला मी पाहिला आहे, आणि तो पहिल्याच दगडावर फिरला. जोराच्या कामासाठी प्लॅस्टिकच्या आर्मऐवजी चिमटा-स्क्रूने आवळणारा ॲल्युमिनियमचा आर्म घ्यावा. धातूच्या आट्यांत जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या डिंकाचा, थेंब लावावा, पण प्लॅस्टिकला लागू देऊ नये, कारण काही प्लॅस्टिक त्याने ठिसूळ होते.

आपल्या लेखात सर्वो सेव्हर काढून टाकण्याचाही सल्ला एका वाक्यात दिला आहे, आणि तो सरसकट दिल्याने चुकीचा झाला आहे. सर्वो सेव्हर म्हणजे स्प्रिंगने धरलेला असा सांधा, की चाकावर अचानक धक्का बसला तर तो थोडा सुटतो आणि गिअरचे दाते वाचवतो. हा कुठे आर्मच्या जागी शाफ्टवर असतो, तर कुठे सर्वो आणि चाकांमधल्या वळत्या तरफेत, म्हणजे बेलक्रँकमध्ये. सावकाश चालणाऱ्या क्रॉलरमध्ये धक्का कमी आणि दाब जास्त, त्यामुळे तिथे स्प्रिंग सर्वोचा जोर खाऊन टाकते आणि ती काढून घट्ट आर्म लावणे योग्य ठरते. पण मैदानावर वेगाने पळणाऱ्या, उंचावरून उडी मारून एका चाकावर उतरणाऱ्या ट्रकमध्ये, उदाहरणार्थ ट्रॅक्सास कंपनीच्या स्लॅशसारख्या ट्रकमध्ये, सेव्हर काढणे म्हणजे प्रत्येक उडीचा धक्का थेट दात्यांवर घेणे होय. तिथे फार तर सेव्हरची स्प्रिंग थोडी कडक करावी. ट्रक कोणत्या जातीचा आहे हे न विचारता हा सल्ला देता येत नाही.

सर्वोपेक्षा त्याची जागा आणि लिंकची मांडणी किती मोलाची, याचे या छंदातले सर्वांत जुने आणि उघड उदाहरण म्हणजे तामिया कंपनीचा क्लॉड बस्टर. 1987 साली आलेल्या या मोठ्या चाकांच्या ट्रकमध्ये दोन मोटर होत्या, प्रत्येक ॲक्सलवर एक, आणि चारही चाके वळत होती. पण ती सर्व वळवण्याचे काम चेसिसमध्ये (ट्रकच्या सांगाड्यात) मध्यावर बसवलेला एकच सर्वो लांब लिंकांमार्फत करत असे. एवढ्या लांब लिंक, त्यांच्या टोकांचे प्ले आणि सस्पेन्शन वरखाली झाले की बदलणारे त्यांचे कोन यांमुळे चाके सरळ ठेवणेही कठीण जाई. छंदवाल्यांनी त्यावर काढलेला आणि आजही वापरात असलेला तोडगा असा, की मधला सर्वो काढून टाकायचा आणि दोन्ही ॲक्सलवर एकेक स्वतंत्र सर्वो बसवायचा. सर्वो ॲक्सलबरोबरच वरखाली होत असल्याने लिंकचा कोन बदलत नाही, आणि लिंक आखूड असल्याने जोर वाटेत मुरत नाही. आजच्या काही क्रॉलरमध्ये, जसे ट्रॅक्सासच्या 2017 सालच्या टीआरएक्स-4 मध्ये, सर्वो खऱ्या जीपच्या स्टिअरिंग बॉक्सप्रमाणे चेसिसवर असतो आणि पॅनहार्ड रॉड हा चेसिस आणि ॲक्सल जोडणारा आडवा दांडा ॲक्सलला बाजूला सरकू देत नाही. तिथे ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड शक्यतो समांतर आणि सारख्या लांबीचे असावे लागतात, नाहीतर ट्रक खड्ड्यातून गेला की चाके आपोआप वळतात. जास्त उंच सर्वो किंवा लांब आर्म बसवून ही समांतरता मोडली, तर स्टिअरिंग ताकदवान होते पण वाईटही होते.

आमच्या ट्रकचे पुढे काय झाले ते सांगतो. खालच्या लिंक थोड्या आत वळलेल्या घेतल्या, म्हणजे टायर टेकेनासे झाले. बैठक ॲल्युमिनियमची केली. घासलेले दोन बॉल जॉइंट बदलले, आर्म आतल्या भोकावर आणला, रिमोटवर टोके लावली. एवढे करून, सर्वांत आधी काढून ठेवलेला जुना सर्वो मुद्दाम परत बसवून पाहिला, आणि ज्या बेचक्यात तो कण्हत होता तिथे तो चाक वळवू लागला. सगळीकडे नाही. पितळी वजनांसकट दोन्ही चाके दगडांत रुतली की त्याचा जोर कमीच पडतो, म्हणून पुढे आम्ही 20 किलोचा, माहितीपत्रकात व्होल्टेज आणि प्रवाह दोन्ही दिलेला सर्वो आणि वेगळी बीईसी बसवली. त्यानंतर रिसीव्हर एकदाही बंद पडलेला नाही. नव्या सर्वोची गरज होती, हे मी नाकारत नाही. ती यादीत शेवटी होती आणि आम्ही ती पहिल्या क्रमांकावर घेतली, एवढीच माझी तक्रार आहे, आणि लेखातील सल्लाही वाचकांकडून हीच चूक करवून घेणार आहे.

विक्रेत्यांनाही आपल्या वृत्तपत्रातून एक विनंती करू इच्छितो. सर्वो विकताना किलोचा आकडा कोणत्या व्होल्टेजचा आहे आणि अडवून धरल्यावर तो किती प्रवाह घेतो, हे दोन आकडे ग्राहकाला सांगावेत. ज्या खोक्यावर ते छापलेलेच नाहीत, तो माल ठेवू नये. या छंदाचे बहुतेक नवे ग्राहक आठवी ते बारावीतली मुले असतात. ती साठवलेल्या पैशांतून एकदाच एखादी वस्तू घेतात, आणि ती वस्तू फसली की छंदच सोडून देतात. माझ्या नातवाने तो जवळजवळ सोडलाच होता. बंद पडलेला रिसीव्हर हातात घेऊन तो मला म्हणाला, “आजोबा, आता हा ट्रक नको, विकून टाकू या.” त्या संध्याकाळी मला जितके वाईट वाटले तितके पैशांसाठी वाटले नव्हते.

आपल्या लेखकांविषयी माझ्या मनात आदर आहे. त्यांनी बॅटरीविषयी जितक्या काळजीने लिहिले, तितक्याच काळजीने स्टिअरिंगच्या सगळ्या साखळीविषयी, म्हणजे टायरपासून बीईसीपर्यंत, एक स्वतंत्र लेख लिहावा अशी माझी विनंती आहे. त्यासाठी हवे असल्यास आमचा ट्रक, मुरडलेली प्लॅस्टिकची बैठक, तो ‘35 किलोचा’ सर्वो आणि बॅगा तोलायचा काटा हे सर्व माझ्या टेबलावर तयार आहे, आणि छायाचित्रे काढायला त्यांनी केव्हाही यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
कोथरूड, पुणे